जपानी स्टेकहाऊस : तव्याभोवतीची पंगत

बाहेरचे खाणे पनवेलकरांना नवे नाही. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता जिथे वेगळा होतो, त्या पळस्पे फाट्यावर थांबून मिसळ किंवा कोथिंबीर वडी खाल्ल्याशिवाय अनेकांचा प्रवास पुरा होत नाही. मात्र २०१६ मध्ये महापालिका आली, जानेवारी २०२४ मध्ये जपानी कर्जसाह्यातून उभारलेला अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. दक्षिण मुंबईतील बड्या हॉटेलांचे जेवण आता पनवेलकरांच्या टप्प्यात आले आहे. त्यातलाच एक प्रकार म्हणजे जपानी स्टेकहाऊस. तिथे जाण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

तेप्पान्याकी म्हणजे काय?

'तेप्पान' म्हणजे लोखंडी पत्रा आणि 'याकी' म्हणजे भाजलेले. ग्राहक एका मोठ्या सपाट तव्याभोवती बसतात आणि आचारी त्यांच्यासमोरच भाज्या, मासे, मांस आणि शेवटी लसणीचा भात परततो. ही पद्धत फार प्राचीन नाही. कोबे शहरातील 'मिसोनो' या उपाहारगृहाने १९४५ च्या सुमारास ती सुरू केली, असे मानले जाते. हिरोआकी ऊर्फ रॉकी आओकी यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'बेनिहाना' काढले, तेव्हा उलथन्याची कसरत आणि कांद्याच्या चकत्यांचा धुमसता ज्वालामुखी या करामतींमुळे ती जगभर पोहोचली. अमेरिकेत यालाच 'हिबाची' म्हणतात. जपानमध्ये मात्र हिबाची म्हणजे निखाऱ्यांची शेगडी.

गंमत अशी, की जपानही एकेकाळी गोमांसापासून दूर होता. सम्राट तेन्मू यांनी इसवी सन ६७५ मध्ये गाय-बैलांसह काही प्राण्यांचे मांस वर्षातील ठराविक महिने खाण्यास मनाई केली. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावामुळे हा संकोच शतकानुशतके टिकला. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याची वार्ता प्रसिद्ध झाली आणि तो ओसरू लागला.

ताटात नेमके काय?

महाराष्ट्रात गोहत्येवर पूर्वीपासून बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. गोमांसाच्या आयातीला देशातच परवानगी नाही. त्यामुळे येथील खाद्यसूचीत 'स्टेक' दिसला, तर तो म्हशीच्या मांसाचा, मेंढीच्या मांसाचा, कोंबडीचा वा माशाचा असू शकतो. परदेशात मात्र 'स्टेक' म्हणजे बहुधा गोमांसच, आणि 'वाग्यू' म्हणजे जपानी गोवंशाचे मांस. 'कोबे' हे नाव तर ह्योगो प्रांतातील ताजिमा वंशाच्या गुरांच्या, ठरलेल्या निकषांवर उतरलेल्या मांसापुरतेच राखलेले आहे. ज्यांना हे वर्ज्य आहे, त्यांनी मागणी देण्यापूर्वीच स्पष्ट विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

शाकाहारी मंडळींनी अधिक सावध राहावे. मिसो सूपमध्ये 'दाशी' नावाचे पाणी असते आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचे असते. 'मिरिन' आणि 'साके' यांत मद्यार्क असतो. भाज्या आणि कोळंबी बहुधा एकाच तव्यावर परतल्या जातात. म्हणून टेबल राखून ठेवतानाच स्वतंत्र तवा किंवा स्वतंत्र पाकसिद्धी मिळेल का, याची चौकशी करावी. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहूही असतो. त्यामुळे गहू, सोयाबीन किंवा कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी तसे आधीच सांगावे. आचारी समोर असला, तरी तवा तापल्यावर सांगून उपयोग होत नाही.

रीतिरिवाज

मांस किती शिजलेले हवे, ते आचारी आधी विचारतो. पूर्ण शिजलेले हवे असल्यास 'वेल-डन' म्हणावे. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत. जपानमध्ये मृतासाठी ठेवलेल्या भाताची ती खूण आहे. पिंडाच्या भाताबाबत आपण जसे हळवे असतो, तसेच हे. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणेही टाळावे. दहनानंतर अस्थी तशा उचलल्या जातात. काट्या जमत नसतील, तर काटा-चमचा मागण्यात कमीपणा नाही.

गरम तव्यावरून थेट ताटात पडणारा घास आपल्याला परका नाही. घरच्या तव्यावरची भाकरी आपण तशीच खातो. फरक इतकाच, की इथे ताटात काय पडते आहे, ते विचारून घ्यावे लागते.