कचऱ्याची फिरकी आणि बाळूंचा पेला

२००१ च्या पावसाळ्यात अलिबागेत 'लगान' पाहिला. अखेरच्या चेंडूवर भुवनने षटकार मारला आणि चांपानेरच्या गावकऱ्यांबरोबर थिएटरातले आगरी, कोळी, भंडारी, ब्राह्मण असे सगळेच उभे राहिले. मीही त्यांत होतो, हे कबूल करायला हवे. परतताना मनात घोळत राहिला तो मात्र भुवन नव्हे, कचरा.

खेळ आणि पडदा यांना राष्ट्राच्या कामी जुंपण्याची कल्पना आपली नव्हे. लेनी रीफेनश्टालच्या 'ऑलिम्पिया'मागे नाझी सरकारचा पैसा होता, आणि १९३८ मध्ये त्याचा पहिला खेळ हिटलरच्या वाढदिवशी झाला. आपल्याकडे हे काम बाजारानेच आपखुशीने पत्करले.

'लगान'ची गोष्ट १८९३ ची. अस्पृश्य कचऱ्याला संघात घेण्यास गाव नकार देतो, भुवन एक भाषण करतो आणि प्रश्न मिटतो. समोर गोरा प्रतिस्पर्धी असल्यामुळे घरातले भांडण आवरते घ्यावे लागते. अशा चित्रपटांचे राजकारण नेमके इथे असते. शिवाय कचऱ्याची फिरकी ही त्याच्या अधू हाताची देणगी. तिच्यामागे ना मेहनत, ना विचार.

त्याच दशकात पुण्यात पालवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला तरुण गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखत होता आणि ग्रेगसारख्या फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करत होता. त्याची फिरकी त्या घामातून आली. हिंदू संघाने त्याला घेतले खरे, पण मैदानावर ज्याच्या हातचा चेंडू चालत असे, त्याला चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात मिळे. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. 'लगान' जिथे संपतो, ती ही जागा. बाळूंची गोष्ट तिथे संपली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांना निषेध म्हणून संघातून अंग काढून घ्यावे लागले, तेव्हा कुठे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

त्याच १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मंजूर झाला. आमच्या जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या कुलाब्यातल्या) महाड नगरपालिकेने तो मान्यही केला, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा त्यांना मार खावा लागला आणि नंतर तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. युरोपियनांवरच्या विजयाला तोवर एकवीस वर्षे उलटली होती. 'लगान'च्या शेवटी चांपानेरात पाऊस पडतो. गावाच्या विहिरीवर कचऱ्याला पाणी भरू दिले का, हे दाखवण्याची गरज दिग्दर्शकाला वाटत नाही.

पुढचे चित्रपट याच वाटेने गेले. 'चक दे! इंडिया'त (२००७) प्रशिक्षकाला राज्यांची नावे ऐकूच येत नाहीत, फक्त देशाचे येते. 'दंगल'मध्ये (२०१६) गीता फोगटची २०१० ची एकतर्फी अंतिम लढत चुरशीची करण्यात आली, आणि तिच्या अखेरीस राष्ट्रगीत. सिनेमाआधी राष्ट्रगीत तेव्हा न्यायालयाच्या आदेशाने सक्तीचे होते. मग कथेतल्या राष्ट्रगीतालाही उभे राहायचे का, असा वाद झाला. त्यासाठी उभे राहणे आवश्यक नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये करावा लागला.

खेळाडूची कीर्ती राजकारणाच्या कामी येते हे पक्षांना सिनेमाच्या आधीच उमगले होते. बाळूंनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत त्यांना उभे केले ते थेट आंबेडकरांच्या विरोधात, आणि सुमारे दोन हजार मतांनी ते हरले. बाळूंवर चित्रपट करणाऱ्याला १९०६ च्या त्या विजयापाशी थांबण्याचा मोह होईल. मला मात्र पाहायची आहे ती १९३७ ची सभा: व्यासपीठावर साठीतले बाळू, आणि समोर ज्यांनी दोघांवरही प्रेम केले आणि आता ज्यांना एकालाच मत द्यायचे आहे, ते लोक.