जुन्या छायाचित्रांतील ओस रस्ता

ज्युबिलीच्या निमित्तानें घरोघरच्या पेट्या उघडत आहेत आणि जुनीं छायाचित्रें आमच्या हातीं येत आहेत. तीं पाहतांना पुष्कळांच्या तोंडून एकच उद्गार निघतो, "त्या काळीं येथें कोणीच नव्हतें!" नागपूर-रायपूर महामार्गास गोंदियाचा रस्ता जेथें मिळतो, त्या आमच्या कोहमाऱ्याची आजची वर्दळ पाहणाऱ्यास असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु छायाचित्र हा साक्षीदार आहे. आणि त्याची साक्ष मानण्यापूर्वीं तो कशाचा घडला आहे, हें पाहिलें पाहिजे.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला इ. स. १८३८ मधील आहे. त्या वर्षीं पॅरिस शहरांत लुई दागेर यांनीं उंच खिडकींतून एका राजमार्गाचें चित्र घेतलें. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडीनची वाफ, आणि चित्र उमटविण्यास पाऱ्याची वाफ, अशी ती कृति होती. पत्र्यावर कित्येक मिनिटें प्रकाश पडूं द्यावा लागे. रस्ता गाड्याघोड्यांनीं व माणसांनीं गजबजलेला होता. चित्रांत मात्र तो ओस दिसतो. चालत्याचा ठसा उमटण्यास अवधीच मिळाला नाहीं. जोडे साफ करवून घेण्यासाठीं स्थिर उभा राहिलेला एक गृहस्थ आणि त्याच्या पायांशीं बसलेला जोडेपुशा, एवढेच काय ते स्पष्ट उरले.

आपल्या प्रांतीं ही विद्या लवकरच आली. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. तोंवर कांचेवर ओलें रसायन चढवून कांहीं सेकंदांत चित्र घेण्याची रीत निघाली होती. कागदास अंड्याचा पांढरा बलक व चांदीचा क्षार लावीत; जुनीं चित्रें पिंवळट पडतात तीं बहुधा यामुळेंच. त्या कांचेस निळा रंग उजळ दिसे आणि तांबडा काळा. म्हणून आकाश कोरें, आणि आमच्याकडील लाल कवेलूंसारखीं छपरें काजळल्यासारखीं! ज्यास हें ठाऊक नाहीं तो म्हणेल, गांव काळवंडलेलें होतें.

आमच्या पेट्यांतील चित्रें इतकीं जुनीं नाहींत. फिल्म निमिषांत चित्र घेई. तिनें चालत्यास गाळलें नाहीं. परंतु यंत्रानें गाळणें सोडलें, तरी माणसानें सोडलें काय? समारंभाच्या चित्रांत खुर्च्यांवर पाहुणे असतात आणि त्यांच्यामागें आम्ही धर्मगुरू. विटा वाहणारीं, पाणी आणणारीं, मांडव घालून चित्रापूर्वींच घरीं परतलेलीं माणसें त्यांत नसतात. मंदिराच्या भांडारांत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचें नांव शुभवर्तमानांत नाहीं. पण प्रभूनें तिला पाहिलें होतें.

यास्तव आमची सर्व कुटुंबांस विनंति आहे. प्रत्येक चित्राच्या पाठीमागें हलक्या हातानें पेन्सिलीनें साल व नांवें लिहून ठेवावीं. मग घरच्या वडीलधाऱ्यांजवळ बसून विचारावें कीं, त्या दिवशीं येथें आणखी कोण होतें? तींही नांवें लिहावीं. ज्युबिलीच्या उपकारस्तुतींत त्यांचेंही स्मरण झालें पाहिजे. त्यांवांचून आमचा इतिहास त्या ओस रस्त्यासारखाच राहील.