पुरानी बस्ती आणि विद्यार्थ्याचे बिऱ्हाड

सरकारी नोकरीत विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या माणसाला एक प्रसंग बहुधा चुकत नाही. बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते. परंतु मुलाचे किंवा मुलीचे महाविद्यालयाचे वर्ष पुरे व्हावयाचे असते. मग घरातील मंडळी नव्या गावी जातात आणि शिकणारे मूल जुन्या गावी मागे राहते. त्याच्यासाठी खोली पाहावयाची तर ती कोणत्या वस्तीत पाहावी, हा प्रश्न त्या वेळी उभा राहतो. वरवर पाहता हा केवळ घरगुती प्रश्न आहे. परंतु ज्या नगरात ती खोली घ्यावयाची त्या नगराचा इतिहास या प्रश्नात पदोपदी डोकावत असतो, आणि तो न जाणता केवळ भाडे व अंतर यांचा हिशेब केला तर हिशेब अपुरा राहतो, असे आम्हांस वाटते. या दृष्टीने रायपूरच्या पुरानी बस्तीचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे.

पुरानी बस्ती हे नावच सापेक्ष आहे. नवी वस्ती झाल्याशिवाय जुनीला जुनी कोण म्हणणार? खारून नदीच्या काठच्या हाटकेश्वर मंदिराशी निगडित असलेला राजा ब्रह्मदेवाच्या काळचा शिलालेख विक्रम संवत १४५८ चा, म्हणजे इसवी सन १४०२ च्या सुमाराचा आहे. कलचुरी घराण्याची एक शाखा त्या काळी या भागात राज्य करीत होती. रायपूरचा किल्ला राजा भुवनेश्वरसिंहाने १४६० मध्ये बांधला अशी परंपरा आहे. किल्ला आज उरलेला नाही. परंतु त्याच्या अंगाने असलेले बूढा तालाब आणि महाराजबंध हे दोन तलाव मात्र आहेत. महामायेचे देऊळ, शीतलेचे देऊळ, जैतूसाव मठ आणि दक्षिणेकडचा दूधाधारी मठ, या सर्वांच्या मधोमध आणि आजूबाजूस ही वस्ती वाढली. येथे आळीला पारा म्हणतात. ब्राह्मणपारा, बूढापारा, कंकालीपारा, तात्यापारा अशी नावे उच्चारली की जुन्या शहराचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. जेथे पाणी तेथे देऊळ, जेथे देऊळ तेथे हाट, आणि जेथे हाट तेथे परक्या माणसाला टेकावयास जागा, असा या वस्तीचा क्रम आहे.

या नगराशी मराठी माणसाचा संबंध आला तो प्रथम तलवारीने व नंतर लेखणीने. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांची स्वारी रतनपुरावर झाली, आणि पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून १७८७ पर्यंत छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्या मागून नागपुराहून सुभेदार येऊ लागले. सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी परगण्यांची व्यवस्था लावली, तेव्हा कमाविसदार, फडणवीस अशी कारकुनी परंपरेची माणसे या मुलखात आली. म्हणजे छत्तीसगडातील मराठी समाजाचे मूळपुरुष बदलीवर आलेले अधिकारीच होते! १८१८ मध्ये कॅप्टन ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, तरी अनेक घराणी मागे राहिली. तात्यापारा या नावातच मराठी मुखाचा उच्चार आहे. त्यासाठी दुसरा पुरावा शोधण्याचे कारण नाही. पुढे इंग्रजांनी सिव्हिल लाइन्स वसविली, उत्तरेस रेल्वेचे स्थानक आले, आणि मूळची वस्ती 'पुरानी' ठरली.

त्या काळी विद्यार्थ्याच्या खोलीचा प्रश्न रायपुरात नव्हता, कारण महाविद्यालयच नव्हते. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त येथे आले, आणि त्यांच्या मागोमाग कुटुंबासह त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र आला. आगगाडी अद्याप रायपूरपर्यंत पोहोचली नव्हती. प्रवासाचा शेवटचा लांबलचक टप्पा बैलगाडीने करावा लागला. रायपुरात त्याच्याजोगी शाळा नव्हती, असे चरित्रकार सांगतात. सुमारे दोन वर्षे त्याचे शिक्षण घरीच, वडिलांशी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या विद्वानांशी वाद करण्यात झाले. या मुक्कामाचे ठिकाण म्हणून पुरानी बस्तीच्या शेजारच्या बूढापाऱ्यातील डे भवन दाखविले जाते, आणि बूढा तालाबाला आता विवेकानंद सरोवर हे नाव आहे. शाळेवाचून गेलेली ही दोन वर्षे फुकट गेली असे कोण म्हणेल? मुलगा कोणत्या घरात, कोणत्या माणसांच्या संगतीत राहतो, यालाही शिक्षणात स्थान आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

शाळेची सोय झाल्यावरही उच्च शिक्षणासाठी रायपूर सोडावेच लागे. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये व मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले, आणि छत्तीसगडच्या होतकरू तरुणांची वाट तिकडे वळली. पंडित रविशंकर शुक्ल रायपुराहून नागपूरला हिस्लॉपमध्ये शिकावयास गेले. पुढे बूढापाऱ्यातच त्यांचे घर झाले आणि १९५६ मध्ये ते नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. परंतु आमच्या विषयाला अधिक जवळचे उदाहरण माधवराव सप्रे यांचे आहे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी मुलाने बिलासपूर, रायपूर, जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशा गावोगावी शिक्षण घेतले. पदवी घेतल्यावर सरकारी तहसीलदारी त्यांनी नाकारली, आणि जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक व रायपूरचे वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी! १९०१ मध्ये या मासिकात सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध झाली; हिंदीतील आरंभीच्या कथांत तिची गणना होते. एका विधवेची झोपडी जमीनदाराने बळकावल्याची ती कथा आहे. राहत्या जागेवरून माणसाला उठविणे म्हणजे काय, हा तिचा विषय आहे.

सप्रे यांनी पुढे दासबोधाचा व लोकमान्यांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद केला. १९२६ मध्ये रायपुरासच त्यांचे निधन झाले. लाखे यांनी सहकारी चळवळीत आयुष्य वेचले; पुरानी बस्तीच्या शेजारचे लाखे नगर त्यांचेच नाव सांगते. या दोघांना मराठी विसरावी लागली नाही. परंतु ज्या लोकांत राहावयाचे त्यांची भाषा आपली मानल्यामुळे त्या लोकांनीही त्यांना आपले मानले. बदलीवर असलेल्या मराठी माणसाने या गोष्टीचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

रायपुरात पहिले महाविद्यालय निघाले ते १९३८ मध्ये. जे. योगानंदम यांच्या खटपटीने उभे राहिलेले हे छत्तीसगड महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. येथून खोलीचा प्रश्न सुरू झाला. जो मुलगा पूर्वी नागपुरास जाई, तो आता धमतरीहून, महासमुंदहून, राजिमहून रायपुरास येऊ लागला. १९४८ मध्ये सायन्स कॉलेज, १९५० मध्ये दुर्गा महाविद्यालय, १९५५ मध्ये संस्कृत महाविद्यालय, १९५८ मध्ये दूधाधारी बजरंग महिला महाविद्यालय अशी मालिका झाली. खाणकाम व धातुशास्त्र यांच्या महाविद्यालयाची कोनशिला १९५६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसविली. जवळच भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, म्हणून त्या विद्यांची निकड होती. वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये आणि रविशंकर विश्वविद्यालय १९६४ मध्ये आले.

या संस्थांचा भूगोल पाहण्यासारखा आहे. सायन्स कॉलेज, अभियांत्रिकी महाविद्यालय व विश्वविद्यालय यांना मोकळी जमीन हवी होती. ती शहराच्या पश्चिमेस, मुंबई-कलकत्ता हमरस्त्यावर मिळाली. विद्यालय माळावर गेले, विद्यार्थी मात्र गावात राहिला. पुण्यातही हेच झाले होते. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात सुरू झाले आणि दहा वर्षांनी गावाबाहेरच्या आजच्या इमारतीत गेले. तरी कित्येक पिढ्यांचा गरीब विद्यार्थी पेठांतच राहिला, वार लावून जेवला, आणि रोज नदी ओलांडून शिकावयास गेला. रायपूरच्या विद्यार्थ्याला नदी ओलांडावी लागली नाही, परंतु सायकलीवरून दोन-अडीच मैल जाणे-येणे त्याच्या वाट्याला आले.

मग तो पुरानी बस्तीतच का राहिला? पहिले कारण घरांच्या रचनेत आहे. कौलारू घर, पुढे परछी, मध्ये अंगण. अशा घरात रस्त्याकडेची एखादी खोली कुटुंबाला अडचण न होता वेगळी काढून देता येते. दुसरे कारण कायद्यात आहे. मध्य प्रदेशात १९५५ मध्ये व पुन्हा १९६१ मध्ये भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. एकदा शिरलेला भाडेकरू सहजी निघेना. अशा स्थितीत परीक्षा संपताच गाशा गुंडाळणारा विद्यार्थी घरमालकाला कुटुंबवत्सल भाडेकरूपेक्षा बरा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. तिसरे कारण असे की भाजी, दूध, पुस्तक, शिंपी, देऊळ आणि वैद्य ही सर्व येथे चार पावलांवर मिळतात. आणि चौथे कारण, जे पालकांना फार मोलाचे वाटते, ते म्हणजे परछीत बसलेल्या वडीलधाऱ्यांची नजर. रात्री उशिरा येणाऱ्या मुलाला येथे कोणीतरी विचारणारे असते.

परंतु ही नजर नेहमीच मायेची असते असे नव्हे. ती प्रथम जात विचारते. मठमंदिरांच्या सावलीत वाढलेल्या जुन्या वस्त्यांत खोली मिळण्यापूर्वी आडनाव सांगावे लागे, आणि आडनाव ऐकून 'खोली नुकतीच दिली' असे उत्तर मिळे. सतनामी व इतर दलित मुलांच्या वाट्याला हे उत्तर वारंवार आले आहे, आणि भारतातील शहरांत ते आजही ऐकू येते. १९३३ च्या नोव्हेंबरात हरिजन दौऱ्यावर असताना गांधीजी रायपुरास आले. पुरानी बस्तीतील जैतूसाव मठ राष्ट्रीय चळवळीचे केंद्र होता आणि तेथील महंत लक्ष्मीनारायणदास त्या चळवळीतले होते. म्हणजे विहिरीवर कोणाचा हात चालेल हा वाद आणि तो मोडून काढणारी माणसे, दोन्ही याच वस्तीने पाहिली. आमचे म्हणणे असे की ज्या दारात शेजारच्या मुलाला जातीमुळे परत पाठविले जाते, त्या दारात आपल्या मुलाला सहज जागा मिळाली म्हणून आनंद मानू नये. घरमालक भाडेकरूला काय विचारतो, यावरून त्या घरात मूल काय शिकेल हे कळते.

मुलींची गोष्ट थोडी निराळी. महिला महाविद्यालय कालीबाडीस, म्हणजे पुरानी बस्तीतून पायी जाण्याच्या अंतरावर. दूधाधारी मठाचे नाव लावणारी ही संस्था निघाली नसती तर जुन्या वस्तीतल्या कितीतरी मुलींचे शिक्षण शाळेबरोबर संपले असते. कारण दूरच्या महाविद्यालयात मुलीला एकटीने पाठविण्यास घरातून जी हरकत घेतली जाते, ती पाराच्या परिचित रस्त्याला घेतली जात नाही. पायी जाण्याइतके अंतर हे मुलीच्या बाबतीत अनेकदा शिक्षण होणे आणि न होणे यांमधले अंतर ठरले आहे.

आणखी एक धडा तलावांचा. रायपूर हे तलावांचे गाव. परंतु गाव वाढले तसे तलाव बुजले. लेंडी तालाबाच्या जागी शास्त्री बाजार आला, रजबंधा तालाबाचे मैदान झाले. पाणी मात्र आपली जुनी जागा विसरत नाही. मुसळधार पावसात ते पूर्वीच्या खोलगट जागा शोधत येते. म्हणून खोली उन्हाळ्यात पाहावी, पण आषाढातील पाणी कोठपर्यंत चढते हे शेजारच्या म्हातारीस विचारूनच ठरवावी. तसेच महामायेच्या देवळात दोन्ही नवरात्रांत ज्योती पेटतात व यात्रा भरते. चैत्रातले नवरात्र नेमके परीक्षांच्या आगेमागे येते. देवळाला लागून असलेली खोली श्रद्धाळू पालकांना रुचली, तरी अभ्यासाच्या दृष्टीने चार घरे आत गेलेली बरी.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी झाली. व्यवस्थापन संस्था २०१० मध्ये आणि आयुर्विज्ञान संस्था २०१२ मध्ये सुरू झाली. विधी विद्यापीठ नव्या रायपुरात गेले. या संस्थांची वसतिगृहे आहेत, आणि तेथील विद्यार्थ्याने जुन्या गावात येऊन राहण्याचे कारण नाही. २०११ मध्ये राज्याचा स्वतंत्र भाडेनियंत्रण कायदा झाला, त्यामुळे लेखी करार करून घेणे ही आता दोन्ही पक्षांची सोय आहे. म्हणून पुरानी बस्ती ही सर्वांसाठी योग्य जागा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

तथापि जुन्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलासाठी खोली पाहावयास निघालेल्या मराठी पालकाला एक गोष्ट आम्ही अवश्य सांगू. नव्या गावात गेल्यावर 'आपली माणसे कोठे राहतात?' हा आपला पहिला प्रश्न असतो. तो चुकीचा नाही. आजारपणी आणि सणावारी आपल्या माणसांचा आधार मोठा असतो, आणि त्यासाठी गावोगावी महाराष्ट्र मंडळे आहेत. परंतु मूल कोठे राहील हे ठरविताना तो दुसरा प्रश्न असावा. पहिला प्रश्न असा असावा की येथील लोक कोठे राहतात, आणि त्यांच्यात आपले मूल सन्मानाने व इतरांचा सन्मान राखून राहू शकेल काय? भोसल्यांच्या कमाविसदारांपासून आजपर्यंत जे मराठी अधिकारी केवळ आपल्यात राहिले, ते बदली होताच निघून गेले आणि त्यांची नावे दप्तरात उरली. जे लोकांत मिसळले, त्यांच्या नावाने रायपुरात आज शाळा आहे, नगर आहे. तीन-चार वर्षांच्या खोलीपुरता का होईना, हा फरक मुलाच्या ध्यानात यावा.