दारू सुटल्यानंतरचा आनंद

खानदेशचा इतिहास म्हटला की फारुकी सुलतान, भिल्ल पलटण आणि कापसाच्या पेठा आपल्या डोळ्यांपुढे येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी साध्या माणसांनी दारूशी दिलेला झगडा मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतो. वास्तविक तो आपल्या घरचाच विषय आहे. व्यसन सुटलेल्या माणसाने पुढे आनंद कोठे शोधावा, हा प्रश्न आजही जळगाव-धुळ्याच्या पुष्कळ कुटुंबांपुढे उभा आहे.

भिल्लांच्या जीवनात मोहाची दारू ही केवळ नशा नव्हती, हे आपण प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. देवाला तिची धार लागे, लग्नात तिचा मान असे, होळीचा नाच तिच्यावाचून रंगत नसे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागू लागली. त्याबरोबर उधारी आली व उधारीमागून सावकार आला. आनंद जुनाच राहिला. त्याची किंमत मात्र दुसराच कोणी ठरवू लागला.

१९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून 'देवी'ची लाट निघाली आणि डांग व सुरतेकडील रानांतून पसरत गेली. दारू-ताडी सोडा, मांस वर्ज्य करा, रोज स्नान करा, अशा देवीच्या आज्ञा अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून गावोगाव ऐकू येऊ लागल्या. काही गावांनी हे व्रत टिकवले. पुष्कळ ठिकाणी देवी पुढे गेली आणि लोक पुन्हा दुकानाकडे वळले. आज्ञेने दारू सुटते खरी, परंतु रिकामी झालेली संध्याकाळ आज्ञेने भरत नाही.

ती भरण्याची युक्ती तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांना साधली, असे आम्हांस वाटते. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी दारू सोडण्याचा उपदेश सुरू केला. पण त्याच्या जोडीला सामुदायिक आरती दिली. आठवड्याच्या ठरल्या वारी डोंगरदऱ्यांतून हजारो माणसे न्हाऊन-धुऊन तेथे जमत. शिवाय परस्परांना 'आप' म्हणण्याचा प्रघात पडला. ज्याला सावकार आणि शिपाई जन्मभर 'अरे' म्हणत आले, त्याला शेजाऱ्याने 'आप' म्हणावे, यात केवढे सुख असेल! १९३८ मध्ये महाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालवले. एवढी गर्दी पाहून सरकारला मात्र धास्ती वाटली.

योगायोग असा की, १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन मद्यपींच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा जन्म झाला. मोरवडला त्याची वार्ताही नसावी. तरी ठरल्या दिवशी एकत्र जमणे आणि समदुःखी माणसाचा हात धरणे हे दोन्हीकडे सारखेच होते.

दारूचे दुःख स्त्रीच्या वाट्याला अधिक येते. १९७२ नंतर शहाद्याच्या आदिवासी स्त्रियांनी जमावाने जाऊन दारूची मडकी फोडली. मार आणि उपास यांतून सुटका हवी, एवढीच त्यांची साधी मागणी होती. ज्या घरात ती पुरी झाली, तेथे निवांत संध्याकाळ हाच सण ठरला असेल.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हा व्यसनमुक्तीला वैद्यकाची जोड मिळाली. तथापि उपचार संपवून माणूस परततो तो आपल्याच गल्लीत. तेथे वरातीत त्याला कोणी पेला पुढे करतो, नाही म्हटले तर कोणी हसतो आणि पुढच्या वेळी त्याला बोलावणेच येत नाही. मोरवडच्या आरतीत दारू सोडणारा एकटा पडत नव्हता. उलट तेव्हाच तो मेळ्यात आला असे मानले जाई. आपल्या लग्नांत, भजनांत, कानबाईच्या रोटांच्या पंगतीत अशा माणसाला मानाची जागा देणे आपल्या हाती आहे. तेवढे आपण केले पाहिजे.