वेळापत्रकातला पहिला अर्धा तास

शाळेची इमारत, मुख्याध्यापक, निकाल आणि क्रीडास्पर्धा यांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहे. ‘तू वसतिगृहाबद्दल लिही’ असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी पहाटेच्या प्रार्थनेचा विषय घेतला. आपल्यातले निम्मे सोबती ख्रिस्ती नव्हते. त्यांनीही हे वाचावे, कारण हा एका सवयीचा इतिहास आहे आणि ती सवय एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही.

साडेपाचला घंटा, हौदाचे गार पाणी, मग सतरंजी. ‘उपासना संगीत’मधले एक गीत, शास्त्रातला एक अध्याय, दोन प्रार्थना. थंडीत अर्धी मुले पेंगायची. योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वर्षातून दोनदा तरी यायचाच: द्राक्षवेल, त्याचे फाटे आणि वेलात राहिल्याशिवाय फळ नाही हे येशूचे सांगणे. द्राक्षाचा वेल आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. गुरुजी मांडवावरच्या वालाचा दाखला द्यायचे. तोडलेला फाटा दुपारपर्यंत मान टाकतो, हे प्रत्येकाने घरी पाहिलेले होते.

आपला जिल्हा 1 जुलै 1998 चा. त्याआधी धुळे, त्याच्याही आधी पश्चिम खानदेश. या भागात स्वीडन आणि आसपासच्या देशांतून मिशनरी आले आणि शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांबरोबर ही पहाटेची शिस्तही घेऊन आले. त्या काळच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ती सगळीकडेच होती. दक्षिण आफ्रिकेतल्या अँड्र्यू मरे यांचे ख्रिस्तामध्ये राहण्याविषयीचे पुस्तक 1882 साली इंग्रजीत निघाले. त्यात 31 प्रकरणे आहेत, महिन्याच्या दररोज एक. पुस्तकाची रचनाच दिनदर्शिकेची.

तरी आपल्या पहाटेचे घराणे मला स्वीडनपेक्षा केडगावात जास्त दिसते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा राहत होत्या. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी त्यांना विचारले, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेच्या घरात गेला होता. जूनअखेर तिथे जी जागृती झाली तिची वर्णने पुष्कळ आहेत. रडणे, पापाची कबुली, तासन् तास चाललेल्या प्रार्थना. मला त्या आधीचे पाच महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. त्यांत सांगण्यासारखे काही घडत नव्हते. बायका रोज बसत होत्या, एवढेच.

रमाबाईंचे दुसरे काम याहून चिवट. मराठी शास्त्र पंडिती भाषेत अडकले आहे, नुकतीच अक्षरे शिकलेल्या बाईला ते कळत नाही, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्याच बायकांच्या हातून. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. ग्रंथ 1924 साली पुरा निघाला. कितीतरी वर्षे रोज थोडे थोडे, असे ते काम होते.

आमची अडचण तीच होती, पण आणखी एक पायरी खालची. नवापूरकडच्या मुलांना सोपी मराठीसुद्धा शाळेतच भेटलेली. घरी मावची. धडगावच्या मुलाची पावरी, शहाद्याच्या मुलाची अहिराणी. वसतिगृहात प्रार्थना मराठीत, आणि ती नीट म्हणता आली की शाबासकी. सुट्टीत घरी गेलो की वडील मला मराठीतून अध्याय वाचायला लावत, मग पुस्तक मिटून तोच अध्याय आईला मावचीत सांगत आणि प्रार्थना मावचीतच करत. त्यांच्या प्रार्थनेत बैल, भाताची रोपे, सावकार, सगळे नावानिशी यायचे. वसतिगृहातल्या आमच्या पाठ केलेल्या प्रार्थनांत यातले काहीच नसे. सवय शाळेने लावली. ती घरची झाली ती या दुसऱ्या सांगण्यातून, असे माझे मत आहे.

आता शेजारचा इतिहास. दारू सोडणे, अंघोळ, स्वच्छता या गोष्टी एकट्या मंडळीने आणल्या असे सांगणारी भाषणे मी खूप ऐकली. ती मला पटत नाहीत. 1922 च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून देवीची लाट डांग, सुरत आणि खानदेशातल्या आदिवासी गावांत आली. अंगात आलेल्यांच्या तोंडून देवी सांगे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा. गावेच्या गावे एका रात्रीत बदलली आणि त्यांतली कित्येक पुढे पुन्हा पूर्वीच्या वाटेला लागली. 1930 च्या दशकाअखेर तळोदा तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनीही दारू सोडायला सांगितले, पण त्यांनी सोमवारची आरती लावून दिली आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवले. महाराज 1938 मध्ये वारले. आरती मात्र चालू राहिली. आपल्या वर्गातले आपपंथी घरांतले सोबती सोमवारी लवकर निघायचे, ते आठवत असेल. लाट आणि आरती यांत फरक पडला तो ठरलेल्या वाराने, हे मला इतिहास शिकवताना हळूहळू उमगत गेले.

याची खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. आपल्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पडावावर ना देऊळ ना घंटा. गाडी भरायला रात्री-अपरात्री उठायचे, रविवारची सुट्टी नाही. मराठीत ‘राहणे’ हा केवढा साधा शब्द, पण सहा महिने प्लास्टिकच्या पालात काढणाऱ्याला ‘कुठे राहतोस?’ विचारले तर तो क्षणभर थांबतो. मी एका हंगामात नातेवाइकांना भेटायला बारडोलीकडच्या एका पडावावर दोन रात्री होतो. पहाटे तीनला चुलीपाशी माझी मावशी भाकरी थापता थापता प्रार्थना करत होती. डोळे उघडे, कारण तवा तापलेला. तिला वाचता येत नाही. पंधराव्या अध्यायातला तेवढा भाग तिला मावचीत तोंडपाठ होता, माझ्या वडिलांच्या शब्दांत, त्यांच्या एका चुकीसकट. पलीकडच्या पालात आपपंथी कुटुंब होते. तिथेही काहीतरी चालले होते. मग ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला आणि दोन्ही पालांतले लोक कोयते घेऊन निघाले.

मेळाव्याला येताना ज्यांच्याकडे वसतिगृहातल्या ‘उपासना संगीत’च्या जुन्या प्रती असतील त्यांनी जरूर आणाव्यात. मागच्या कोऱ्या पानांवर आपण प्रार्थनेच्या पाळीची नावे लिहायचो. कोणाची पाळी कोणी चुकवली, तेही त्यांत आहे.