कुवेतमधील बिरडे आणि अंडी

इतिहासावर बोला, असा निरोप मला आला. मी परिचारिका, राजेरजवाड्यांचा इतिहास मला ठाऊक नाही. म्हणून अंड्याचा सांगते, आणि तोही कुवेतमधला.

१९८०च्या दशकात मी तेथे नोकरीस गेले. एके काळी इराकहून आलेल्या यहुदी कुटुंबांची लहानशी वस्ती तेथे होती. अरबी संगीतात नावाजलेले सालेह आणि दाऊद अल-कुवैती हे बंधू त्याच मातीत जन्मले. माझ्या काळी मात्र ना सिनॅगॉग, ना काशेर मांस. झुबैदी, म्हणजे आपले पापलेट, मिळे. पण ते महाग. उरले अंडे. ते मांसातही मोडत नाही, दुधातही नाही, कशाबरोबरही चालते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, हे मी रुग्णांना सांगे आणि स्वतःही त्यावरच जगे.

शिळ्या भाजीला अंड्याने जेवणाचे रूप येते; मात्र भाजीतले पाणी आधी आटवावे लागते. साठ-पासष्ट अंशांपुढे पांढरे थिजू लागते आणि भाजीला धरून ठेवते. पाणी राहिले तर सारे फुटते. ही गोष्ट मला एका पॅलेस्टिनी सहकारी परिचारिकेने शिकवली. भरण्यासाठी कूसा कोरला की आतला गर त्या बायका टाकत नाहीत. तो कांद्यावर परतून, कोथिंबिरीसारखी पार्सली चिरून घालून, अंड्यात मिसळून थापतात. त्याला इज्जा म्हणतात. मी प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका पाही. तिने ते काही दिवस पाहिले आणि एकदा हळूच म्हणाली, “हैफात आमच्या आजीच्या शेजारणी असेच करीत.” मी गप्प राहिले. तीही पुन्हा त्यावर कधी बोलली नाही.

१९९० साली तिशा बआव ३१ जुलैला, मंगळवारी आला. आपले वाडवडील त्याला बिरड्याचा रोजा म्हणत. घरून आणलेले वाल भिजवून, मोड आणून, सोलून मी बिरडे केले होते. एकटीपुरते वाल सोलणे कोणाला जमले आहे? पातेलेभर उरले. गुरुवारी, २ ऑगस्टच्या पहाटे, इराकी सैन्य शहरात शिरले.

वसतिगृहात आम्ही सहाजणी अडकलो. पाव संपला होता. ते बिरडे, अर्धा कोबी आणि दोन डझन अंडी एवढाच साठा. कोबी बारीक चिरून कोरडा परतला, त्यात बिरडे घालून रस आटवला, खळगे केले, एकेक अंडे सोडले आणि झाकण ठेवले. केरळच्या मुलींनी वाल कधी पाहिले नव्हते. त्यांनी पातेले पुसून खाल्ले. दुसऱ्या दिवशी शिळ्या भाताची पाळी आली. भात मात्र मी आधी हुंगून पाहिला. उन्हाळ्यात भाताने होणारी विषबाधा मी वॉर्डात पाहिली होती.

कुवेतमध्ये तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीय होते. बसने बसरा, बगदाद आणि पुढे अम्मान, असा मार्ग. तेथून एअर इंडियाची विमाने. ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे झाली. बगदादवरून जाताना मला भायखळ्याचे मागेन दाविद आठवले. ज्यांनी ते बांधले, ते ससून घराणे याच शहरातून मुंबईस आले होते. आम्ही उलट्या दिशेने तेथून जात होतो, हातात एक पिशवी घेऊन.

पिशवीत बारा उकडलेली अंडी होती. निघण्याच्या रात्री तिने ती आणून दिली, मीठ कागदाच्या पुडीत बांधून. दफनानंतरच्या पहिल्या जेवणात आपण उकडलेले अंडे खातो, हे तिला कोठून ठाऊक असणार! उकडलेले अंडे फोडून तपासता येत नाही. जॉर्डनच्या सीमेवर, वाळूत बसून, मी ते न तपासता खाल्ले.

युद्धानंतर कुवेतमधल्या सुमारे चार लाख पॅलेस्टिनींपैकी बहुतेकांना ते घर सोडावे लागले. मी तिच्या जुन्या पत्त्यावर दोन पत्रे धाडली. उत्तर आले नाही.