उजव्या हृदयाची परीक्षा

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या वाटेवर आंजी (मोठी) हें गांव लागतें. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे १९६९ सालीं, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याच संस्थेचें ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजीला आहे. अशा एखाद्या केंद्रांत चार पावलें चालतांच दम लागणारी, पायांवर सूज आलेली बाई येते. तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजावा, तर तो यथास्थित निघतो. कारण पट्ट्याला कळतो तो डाव्या हृदयाचा दाब. फुप्फुसांकडे रक्त ढकलणारें उजवें अंग त्याच्या टप्प्यांत येतच नाहीं. या अंगाची परीक्षा कशी करावी, हें उमगण्यास वैद्यकाला साडेतीनशें वर्षें लागलीं, आणि वाटेंत एक मोठी चूकहि घडली.

फुप्फुसांतून रक्त कसें फिरतें हें विल्यम हार्वे यानें १६२८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. निरोगी माणसाच्या फुप्फुसधमनींतला सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारें १४ मिलिमीटर भरतो. शरीराच्या महाधमनींतला नव्वदीच्या आसपास असतो. काम हलकें, म्हणून उजव्या जवनिकेची भिंतहि पातळ, अवघी ३ ते ५ मिलिमीटर. परंतु कांहीं रोग्यांच्या फुप्फुसांतल्या बारीक धमन्या जाड होऊन अरुंद होतात आणि दाब पन्नास-साठापर्यंत चढतो. हाच फुप्फुसधमनींतील रक्तदाबवृद्धीचा विकार. जवनिका प्रथम भिंत जाड करून ओझें पेलते. पुढें ती ताणली जाते, आणि शेवटीं थकते.

या थकव्याची खूण मानेवर दिसते. उजवें हृदय रक्त पुढें ढकलीनासें झालें कीं तें मागें शिरांत तुंबतें. सर टॉमस लुइस या ब्रिटिश वैद्यानें १९३० च्या सुमारास त्याचें साधें मोजमाप सांगितलें. रोग्यास अर्धवट टेकवून बसवावें, मानेतली शीर कोठपर्यंत भरली आहे तें पाहावें, आणि उरोस्थीवरच्या उंचवट्यापासून ती उंची पट्टीनें मोजावी. ती ३-४ सेंटिमीटरांच्या वर गेली तर दाब वाढला म्हणून समजावें. खाट, उशी, उजेड आणि शाळेंतली पट्टी, एवढेंच साहित्य. पाहणाऱ्याला सवड मात्र हवी.

हृदयाच्या आंत शिरण्याचें धाडस जर्मनीतल्या एबर्सवाल्डे येथील तरुण डॉक्टर वर्नर फॉर्समन यानें १९२९ सालीं केलें. वरिष्ठांची मनाई असतांना त्यानें स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेंतून लांब नळी आंत सारली, आणि तशाच अवस्थेंत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन तिचें टोंक उजव्या हृदयांत पोंचल्याचें चित्र काढून घेतलें. वाट्याला आली ती नापसंती. न्यूयॉर्कच्या कूर्नां व रिचर्ड्स यांनीं १९४१ पासून हीच रीत शास्त्रशुद्ध केली, आणि १९५६ सालीं तिघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें.

याच काळांत ती चूक घडली. १९४३ सालीं अमेरिकेंत आयझॅक स्टार व त्याचे सहकारी यांनीं कुत्र्यांच्या उजव्या जवनिकेची भिंत डागून निकामी केली. तरी शिरांतला दाब फारसा वाढला नाहीं. यावरून, उजवी जवनिका म्हणजे रक्तानें ओलांडावयाची ओसरीच, असा समज बळावला. पुढें १९७१ सालीं फ्रान्सच्या फोंतां या शस्त्रवैद्यानें जन्मतः विकृत हृदयाच्या रोग्यांत शिरांचें रक्त जवनिकेस वगळून सरळ फुप्फुसांत नेल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां त्या समजास आणखी आधार मिळाला. त्या कुत्र्यांच्या फुप्फुसधमन्या निरोगी होत्या, ही गोष्ट नजरेआड झाली. वाट सपाट असतां बैल दुबळा कीं दणकट तें कळत नाहीं; घाट लागला म्हणजे कळतें.

मोजण्याचीं साधनें मात्र सुधारत गेलीं. समुद्रावरच्या शिडाच्या होड्या पाहून स्वान याला नळीच्या टोंकाला फुगा लावण्याची कल्पना सुचली. रक्ताच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणारी ती नळी १९७० सालीं प्रसिद्ध झाली. स्वीडनमध्यें एडलर व हर्ट्झ यांनीं १९५३ सालीं, धातूंतले दोष शोधण्याचें ध्वनियंत्र जहाजांच्या कारखान्यांतून आणून हृदयावर लाविलें. १९८४ सालीं यॉक व पॉप यांनीं दाखविलें कीं, उजव्या हृदयाच्या झडपेंतून मागें गळणाऱ्या रक्ताचा वेग ध्वनिलहरींनीं मोजला कीं दाबाचा अंदाज बांधतां येतो. वेग सेकंदास ४ मीटर असेल तर त्याच्या वर्गाची चौपट, म्हणजे ६४; त्यांत कर्णिकेंतले दहा मिळविले कीं ७४ मिलिमीटर.

पण नुसत्या या आंकड्यावर विसंबणें धोक्याचें आहे. जवनिका अगदीं थकली म्हणजे तिला दाब उत्पन्न करणेंच जमत नाहीं. दाब उतरतो, आणि भोळा परीक्षक रोगी सुधारला असें समजतो. १९९१ सालीं अमेरिकेंतल्या १९४ रोग्यांची मोठी नोंद प्रसिद्ध झाली. निम्मे रोगी निदानानंतर २.८ वर्षांच्या आंतच दगावले होते. कोण लवकर जाईल हें फुप्फुसधमनींतल्या दाबाबरोबरच उजव्या कर्णिकेंतला वाढलेला दाब आणि हृदयांतून दर मिनिटास निघणाऱ्या रक्ताचें घटलेलें मान यांवरून कळत होतें. म्हणजे ओझ्याइतकीच वाहणाऱ्याची ताकदहि मोजली पाहिजे. म्हणून आज ध्वनिचित्रांत जवनिकेच्या झडपेचें कडें दर ठोक्यास किती सरकतें तें पाहतात, १.७ सेंटिमीटरांहून कमी सरकलें तर बळ कमी झालें असें धरतात.

खेड्यांतल्या बाईच्या उजव्या हृदयाला चुलीच्या धुराचाहि उपद्रव होतो. १९५९ सालीं डॉ. पद्मावती यांनीं दिल्लींतल्या १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो विकार निराळा, फुप्फुसें जीर्ण होऊन हृदयावर ताण आणणारा. पण त्यांत स्त्रियांची संख्या जवळजवळ पुरुषांइतकीच निघाली, आणि त्यांतल्या बहुतेक जणी विडी ओढणाऱ्या नव्हत्या.

मुख्य विकाराची एक परीक्षा मात्र आंजीसारख्या ठिकाणींहि करतां येते. सपाट जागीं ३० मीटरांचें अंतर आंखून रोग्यास सहा मिनिटें आपल्या बेतानें चालावयास सांगतात, दम लागला तर थांबूं देतात. चालणें ४४० मीटरांच्या वर गेलें तर धोका कमी. १६५ मीटरहि झालें नाहीं, तर रोग्यास विलंब न करतां मोठ्या रुग्णालयाकडे पाठवितात.